एक निरोप, पन्नास फोन: मोबाइलवरून सूचना पाठवताना नेमकं काय करायचं

मोबाइलवर निरोप पाठवला, की तो पोचला असं आपण धरून चालतो. सोलापुरात याचा फटका पाण्याच्या दिवशी कळतो. इथे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं आणि वेळही बदलते. गल्लीतल्या ग्रुपवर वेळ टाकलेली असते, तरी सकाळी चार घरांचे हंडे रिकामेच असतात. बचत गटाची बैठक, यंत्रमाग कारखान्यातली बदललेली पाळी, सोसायटीची सभा, यात्रेच्या काळातलं स्वयंसेवकांचं काम, सगळीकडे हेच होतं. फोन बिघडलेला नसतो. कामाचा क्रम चुकलेला असतो: आधी निरोप पाठवला जातो आणि तो कुणाकडे, कोणत्या फोनवर, कोणत्या भाषेत जायला हवा होता, हे नंतर आठवतं.

पुढचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिल्या दोन टप्प्यांना एखादी संध्याकाळ जाईल, पण ते काम पुन्हा पुन्हा करावं लागत नाही.

टप्पा १: वहीत यादी करा

फोन हातात घेण्याआधी वही घ्या. पाच रकाने आखा: नाव, नंबर, फोन कोणता (बटणाचा की स्मार्टफोन), वाचायची भाषा, आणि निरोप प्रत्यक्ष कोण वाचतं.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी आखत नाही. घरचा म्हणून दिलेला नंबर पुष्कळदा पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाचा असतो. पाण्याची वेळ त्याला पुण्यात कळते, तो कामात असतो, आणि इथे आईला पत्ताच नसतो. किंवा नंबर घरच्या कर्त्या माणसाचा असतो, आणि तो माणूस अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर उभा असतो. मागांच्या खटखटाटात फोनची घंटा ऐकू येत नाही. म्हणून विचारायचं ते असं: ‘निरोप आला तर दुपारी घरात कोण बघेल?’ त्या व्यक्तीचा नंबर घ्या.

भाषेचा रकानाही मनापासून भरा. पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात, शहरात कन्नड आणि उर्दू बोलणारी घरंही भरपूर आहेत. मराठी समजतं पण वाचता येत नाही, असे लोक तुमच्या यादीत नक्की निघतील. विडी वळणाऱ्या कितीतरी आयाबायांना कोणतीच लिपी वाचता येत नाही. त्यांच्या नावापुढे ‘आवाज’ असं लिहा. त्यांना लिहिलेला निरोप पाठवून उपयोग नाही, बोललेला पाठवायचा.

बटणाचा फोन असलेल्यांच्या नावापुढे खूण करा. त्यांना व्हॉट्सअॅपचा निरोप मिळेल असं धरू नका. त्यांच्यासाठी एसएमएस किंवा सरळ फोन.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे पाचही रकाने भरलेत का? एखादा रिकामा असेल तर त्या घरी जाऊन या. अंदाजाने भरू नका.

टप्पा २: नंबर दोन्ही बाजूंनी सेव्ह व्हायला हवा

तुमच्या फोनमध्ये नावं सेव्ह करताना सगळ्यांच्या नावाआधी एकच खूण लावा. उदाहरणार्थ ‘गल्ली३ शिंदेकाकू’, ‘गल्ली३ किराणा’. मग शोधताना ‘गल्ली३’ लिहिलं की सगळी घरं एकाखाली एक येतात, आणि कुणी सुटत नाही.

आता दुसरी बाजू. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) पाठवलेला निरोप फक्त त्यांनाच जातो, ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. ज्यांनी तो सेव्ह केलेला नाही, त्यांना काहीच येत नाही, आणि तुम्हालाही तसा इशारा मिळत नाही. ‘मला कधीच मेसेज येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं. म्हणून यादी करायला घरी जाल, तेव्हाच त्यांच्या फोनवर एक मिस्ड कॉल द्या आणि तुमच्यासमोर नंबर सेव्ह करून घ्या. ‘नंतर करते’ म्हणालेलं नंतर होत नाही.

टप्पा ३: मजकूर आधी लिहा, मग पाठवा

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडं थांबूया.

‘उद्या पाणी येणार आहे, सर्वांनी नोंद घ्यावी.’ हा निरोप रात्री दहाला टाकला आणि कुणी सकाळी आठला वाचला, तर त्याच्या दृष्टीने ‘उद्या’ म्हणजे आणखी एक दिवस पुढे. त्यातच कुणी हाच निरोप दुसऱ्या ग्रुपवर पुढे ढकलला, तर तो आणखी दोन दिवस फिरत राहतो. म्हणून आज, उद्या, परवा हे शब्द सूचनेत वापरायचेच नाहीत. वार आणि तारीख दोन्ही लिहा. तारीख वाचताना चूक झाली तर वार सावरतो.

वेळेचंही तसंच. नुसतं ‘४ वाजता’ लिहिलंत तर पहाटेचे की संध्याकाळचे, हा प्रश्न उरतो. पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री यातला एक शब्द हवाच. बोलून टाइप करत असाल तर सव्वा, साडे, पावणे हे शब्द वापरलेली वेळ पाठवण्याआधी डोळ्यांनी वाचा. ‘पावणेसात’चे सात झाले तर पंधरा मिनिटांनी सगळे चुकतात.

ठिकाण लिहिताना मोठ्या भागाचं नाव पुरत नाही. ‘जुळे सोलापूर’ किंवा ‘विजापूर रोड’ एवढ्यावर कुणी पोचत नाही. जवळची ठळक खूण लिहा, आणि व्हॉट्सअॅप असेल तर सोबत लोकेशन जोडा.

एका निरोपात एकच काम सांगा. पाण्याची वेळ, सभेची तारीख आणि वर्गणीची आठवण एकत्र टाकली, की माणूस पहिली ओळ वाचून फोन ठेवतो.

*मराठी एसएमएसची लांबी*

रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरी आली की ही मर्यादा ७० वर येते. मजकूर ७० च्या पुढे गेला की फोन त्याचे तुकडे करतो, आणि मग एका तुकड्यात ६७ च मावतात. शिवाय मोजणी आपल्या डोळ्यांना दिसते तशी होत नाही: काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘सोलापूर’ आपल्याला चार अक्षरी दिसतं, फोन सात मोजतो. ‘सिद्धेश्वर’ चार अक्षरी दिसतं, फोन दहा मोजतो. रोमनमध्ये लिहून शेवटी एखादं हात जोडल्याचं चित्र टाकलंत, तरी अख्ख्या निरोपाची मर्यादा ७० होते.

याचा हिशेब असा होतो. बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात. तुमचा मजकूर १५० चा असेल तर त्याचे तीन तुकडे होतात. चाळीस जणांना पाठवलात तर १२० एसएमएस झाले, म्हणजे यादीतले शेवटचे सातजण राहून जातात, नाहीतर वेगळे पैसे कापले जातात. आणि शेवटची नावं दर वेळी तीच असतात.

हा नमुना बघा:

‘पाणी: गुरु १२ जून, पहाटे ४ ते ७. गल्ली २ ते ५. टाकी भरून ठेवा.’

हा ६२ मध्ये बसतो. विषय, वार, तारीख, वेळ, कुणासाठी आणि काय करायचं, सगळं आलं. नमस्कार, कळविण्यात येते की, कृपया नोंद घ्यावी, यांची एसएमएसमध्ये गरज नाही. त्यात कुणाचा अपमान होत नाही. वेळेवर पाणी मिळालं तर कुणाची तक्रारही येत नाही.

सावध: काही जुन्या बटणाच्या फोनवर देवनागरीऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. अशा फोनवर एकदा मराठी निरोप पाठवून समोर बसून बघा. दिसत नसेल तर त्या नावापुढे वहीत ‘रोमन’ लिहा.

*बोललेला निरोप*

ज्यांच्यापुढे ‘आवाज’ लिहिलंय, त्यांच्यासाठी व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज करा. माइकचं बटण दाबून बोट वर सरकवलं की रेकॉर्डिंग लॉक होतं, बोट धरून ठेवावं लागत नाही. पाठवण्याआधी ऐकून बघता येतं, तेव्हा ऐका. अर्ध्या मिनिटात संपवा. वार, तारीख आणि वेळ शेवटी पुन्हा एकदा म्हणा, कारण ऐकणाऱ्याला मागे जाऊन शोधणं अवघड जातं. तेलुगू किंवा कन्नड तुम्हाला येत नसेल तर गल्लीतल्या एखाद्या ताईकडून किंवा अण्णांकडून रेकॉर्ड करून घ्या आणि तेच पाठवा. ओळखीचा आवाज असला की लोक शेवटपर्यंत ऐकतात.

टप्पा ४: कोणत्या मार्गाने पाठवायचं ते ठरवा

ग्रुप, ब्रॉडकास्ट आणि एसएमएस ही तीन वेगळी कामं आहेत. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

ग्रुप तिथे, जिथे लोकांनी एकमेकांशी बोलायचं आहे आणि सगळे एकमेकांना ओळखतात. एका ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं बसतात. पण ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. शंभर घरांच्या कॉलनीत हे फार जपून करायला हवं. ग्रुपमधून नंबर घेऊन महिलांना नको ते निरोप पाठवल्याचे प्रकार घडतात, आणि नंतर ती बाई ग्रुप सोडते, तिच्यासोबत त्या घराची पाण्याची सूचनाही बंद होते. अनोळखी लोक एकत्र असतील तर माझं ठाम मत ब्रॉडकास्टच्या बाजूने आहे. व्हॉट्सअॅपच्या कम्युनिटीतल्या सूचनांच्या ग्रुपमध्येही सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात, तोही पर्याय आहे.

ब्रॉडकास्ट म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगळा जातो, उत्तर फक्त तुम्हाला येतं. एका यादीत २५६ पर्यंत नावं. अट एकच, ती दुसऱ्या टप्प्यात सांगितली.

एसएमएस बटणाच्या फोनसाठी, आणि ज्यांचा नेट पॅक संपलेला असतो त्यांच्यासाठी. गर्दीच्या ठिकाणीही तो कामाचा. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत, नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा असतो तेव्हा, एकाच भागात प्रचंड माणूस जमतो. मोबाइलच्या टॉवरवर ताण येतो आणि नेट रखडतं. अशा वेळी फोटो, व्हिडिओ अडकून पडतात, पण छोटा एसएमएस पुष्कळदा निघून जातो. स्वयंसेवकांना भेटायची जागा एसएमएसनेच कळवा, आणि तीही आदल्या दिवशी ठरवून.

टप्पा ५: सेटिंग एकदाच नीट लावा

ग्रुप सूचनांसाठी असेल तर ग्रुपच्या सेटिंगमध्ये निरोप पाठवण्याची परवानगी फक्त अॅडमिनला ठेवा. नाहीतर शुभ सकाळच्या फुलांखाली पाण्याची वेळ गाडली जाते. अॅडमिन किमान दोघे असू द्या, एकाचा फोन बंद पडला तर काम थांबायला नको. चालू सूचना पिन करा: २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस, यातलं निवडता येतं. सूचनेचा दिवस उलटला की पिन काढायला विसरू नका, कारण वर चिकटलेली जुनी वेळ लोक खरी मानतात. आपोआप नाहीसे होणारे निरोप हे सेटिंग सूचनांच्या ग्रुपमध्ये बंद ठेवा.

सभेला कोण येणार हे विचारायचं असेल तर पोल टाका आणि एकाहून जास्त उत्तरांची परवानगी बंद करा.

एसएमएससाठी गुगलचं मेसेजेस अॅप वापरत असाल, तर सेटिंगमधल्या अॅडव्हान्स्ड भागात दोन गोष्टी बघा. पहिली, ग्रुप मेसेजिंग. तिथे ‘सगळ्यांना एसएमएस, उत्तरं वेगवेगळी’ या अर्थाचा पर्याय निवडा. ‘एमएमएस’वाला पर्याय राहिला तर अनेक नावं टाकून पाठवलेला निरोप एमएमएस म्हणून जायचा प्रयत्न करतो, वेगळे पैसे लागू शकतात आणि बटणाच्या बऱ्याच फोनवर तो उघडत नाही. दुसरी, डिलिव्हरी रिपोर्ट. तो चालू करा. निरोप समोरच्या फोनवर उतरला की नाही, ते त्यावरून कळतं.

सावध: दुकानाची जाहिरात, सेल, चादरी-टॉवेलची नवी आवक, असले धंद्याचे निरोप स्वतःच्या नंबरवरून सरसकट एसएमएसने पाठवू नका. धंद्याच्या एसएमएससाठी आधी नोंदणी करावी लागते. लोकांनी १९०९ वर, म्हणजे नको असलेल्या जाहिरातींच्या तक्रारीच्या नंबरवर, तक्रार केली तर तुमच्या नंबरवर कारवाई होऊ शकते.

टप्पा ६: आधी तिघांना पाठवून बघा

पूर्ण यादीला पाठवण्याआधी तीन फोन निवडा: एक स्मार्टफोन, एक बटणाचा, आणि एक ‘आवाज’वाला. त्यांना निरोप पाठवा आणि लगेच फोन करून विचारा, ‘कधी आहे, कुठे आहे?’ निरोप मिळाला का असं विचारू नका. मिळाला म्हणतील आणि विषय संपेल. वेळ आणि जागा त्यांच्या तोंडून बरोबर आली, तरच मजकूर बरोबर आहे.

टप्पा ७: योग्य वेळी पाठवा

पहाटे चारला पाणी येणार असेल तर रात्री साडेअकराला निरोप टाकून काही होत नाही. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान घरात माणसं असतात, फोन हातात असतो. तुम्ही स्वतः त्या वेळी कामावर असाल तर गुगल मेसेजेसमध्ये पाठवायचं बटण दाबून धरा, पुढची वेळ लावता येते. मात्र त्या वेळी तुमचा फोन चालू आणि नेटवर्कमध्ये हवा.

आलेला निरोप तसाच फॉरवर्ड करण्यापेक्षा नव्याने लिहा. फॉरवर्ड केलेला निरोप व्हॉट्सअॅपवर एका वेळी पाचच ठिकाणी जातो, आणि पुष्कळदा फिरलेला असेल तर एकाच ठिकाणी. शिवाय त्यावरची फॉरवर्डची खूण पाहून लोक तो न वाचता सोडून देतात.

टप्पा ८: पोचला का, हे नावानिशी बघा

एक करडी टिक म्हणजे निरोप तुमच्याकडून निघाला. दोन करड्या म्हणजे समोरच्या फोनवर उतरला. दोन निळ्या म्हणजे उघडला. काहींनी निळी टिक बंद ठेवलेली असते, त्यावरून रागावू नका.

ग्रुपमध्ये दोन टिका तेव्हाच दिसतात, जेव्हा निरोप सगळ्यांच्या फोनवर उतरतो. एकाचा फोन बंद असला तरी एकच टिक राहते. म्हणून निरोप दाबून धरा आणि माहिती उघडा. कुणी वाचला, कुणाकडे नुसता पोचला, याची नावानिशी यादी येते. ग्रुपमध्ये वाचल्याची खूण कुणालाच बंद करता येत नाही, त्यामुळे ही यादी भरवशाची. ब्रॉडकास्टच्या निरोपाचीही अशीच माहिती बघता येते. तिथे एखादं नाव दर वेळी गायब असेल, तर त्या घरी तुमचा नंबर सेव्ह नाही, असं समजून आधी तेच तपासा.

पाठवल्यानंतर तासाभराने ही यादी वहीशी ताडून बघा. जे उरले त्यांना फोन करा. फोनही लागला नाही तर शेजारच्या घराला सांगा. पन्नास घरांत अशी फार घरं उरत नाहीत, पण बहुधा त्याच घरात म्हातारं माणूस एकटं असतं.

बटणाच्या फोनवर एसएमएस येत नसतील तर एक साधं कारण बघा: इनबॉक्स भरलेला असतो. जुने जाहिरातीचे निरोप पुसले की नवे येऊ लागतात. जाहिराती थांबवायच्या असतील तर १९०९ वर इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून, एक जागा सोडून शून्य टाकून पाठवा. बँकेचे ओटीपी त्यानंतरही येतात.

टप्पा ९: चूक झाली तर

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला निरोप १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. पण वेळ किंवा तारीख चुकली असेल तर नुसती दुरुस्ती करू नका. ज्यांनी आधीच वाचला, ते पुन्हा उघडून बघत नाहीत. चुकीचा निरोप सर्वांसाठी डिलीट करा, त्यासाठी दोन दिवसांपेक्षा थोडा जास्त वेळ मिळतो, आणि नवा निरोप ‘दुरुस्ती:’ या शब्दाने सुरू करून पाठवा. गेलेला एसएमएस मात्र परत घेता येत नाही. तिथे दुसरा एसएमएस हाच उपाय.

टप्पा १०: तुमच्या नावाने खोटा निरोप येऊ शकतो, हे आधीच सांगून ठेवा

लोक तुमच्या सूचनांवर विश्वास ठेवू लागले, की त्याच सवयीचा फायदा दुसरं कुणी घेऊ शकतं. ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असे निरोप साध्या दहा आकडी नंबरवरून येतात. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके फाइल (फोनवर अॅप बसवणारी फाइल) येते, आणि ती उघडून इन्स्टॉल केली की फोनवरचे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. घरोघरी यादी करताना प्रत्येकाला तीन गोष्टी तोंडी सांगा: आमच्या सूचनेत कधीही लिंक नसेल, कधीही फाइल इन्स्टॉल करायला सांगणार नाही, आणि कधीही ओटीपी किंवा पिनचे आकडे विचारणार नाही. आणि मग स्वतःही तो नियम पाळा. वर्गणीसाठीसुद्धा लिंक टाकू नका.

तुमचं स्वतःचं व्हॉट्सअॅप दुसऱ्याच्या हाती गेलं तर अख्खी यादी धोक्यात येते. सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन लावा. लिंक केलेल्या डिव्हाइसची यादी अधूनमधून उघडा, ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर लगेच लॉग आउट करा.

कुणाचे पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा आणि बँकेला कळवा. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि वहीची एक प्रत दुसऱ्या अॅडमिनच्या घरी ठेवा.